शांतपणे हरायची सोय

भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीत मोबाइलवर फुटबॉल पाहणाऱ्या माणसाला लोक तीन प्रश्न विचारतात. पहिला, "काहून गा, क्रिकेट बंद हाय का आज?" दुसरा, "कोन कोन खेळून रायले?" आणि उत्तर ऐकल्यावर तिसरा, "मंग याच्यात आपला कोन?" पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर देता येतं. तिसऱ्याला दम लागतो.

आपला म्हणजे मुंबई सिटी एफसी. लाखनीपासून मुंबई नऊशेच्या आसपास किलोमीटर. रायपूर त्याच्या पावभर अंतरावर. तरी आपण मुंबईचे, कारण राज्य एक आहे. पण २०२४ साली हे शेजारच्या गुरुजींना पटवायला गेलो की ते संघाची यादी मागत. गोलरक्षक फुर्बा लाचेन्पा सिक्कीमचा. उजव्या बाजूने पळणारा लालियानझुआला छांगटे मिझोरमचा. बिपिन सिंग मणिपूरचा. होर्हे परेरा डियाझ अर्जेंटिनाचा, प्रशिक्षक पेत्र क्रात्की चेक प्रजासत्ताकातला आणि मालकीतला मोठा वाटा तेव्हा मँचेस्टर सिटीवाल्या कंपनीचा. गुरुजी निवृत्त झाले असले तरी हजेरी घ्यायची सवय गेलेली नाही. "याच्यात मुंबईचा कोन?" अशा वेळी तेव्हाचा कर्णधार राहुल भेके माझ्या मदतीला धावून येई. मुंबईत वाढलेला हा एक भेके नसता तर माझी सगळी निष्ठा उघड्यावर पडली असती.

तसं पाहिलं तर आमच्या भागाचा खरा खेळ शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. लाखनीजवळच्या पिंपळगाव सडकच्या पटाला नातेवाईक मुक्कामी येतात, लग्नं जुळतात, रात्री झाडीपट्टीची नाटकं रंगतात. शंकरपटात एक मोठी सोय आहे. जोडी सुटली की काही सेकंदांत निकाल. मागे पडलेली जोडी पुढे येईल का, याचा विचार करायला कुणाला सवडच मिळत नाही. जिंकलेला नाचतो, हरलेला बैलाच्या पाठीवर हात फिरवतो आणि दोघंही वेळेवर जेवतात. पिछाडीवरून परत येण्याचा चमत्कार शंकरपटाने केला तो पटावर नाही, कोर्टात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी, मे २०२३ मध्ये घटनापीठाचा शिक्का. नऊ वर्षांचा सामना. त्यात मधली सात वर्षं बैलांना ठाऊकच नव्हतं की खेळ अजून सुरू आहे.

फुटबॉलची गोष्ट वेगळी. तिथे नव्वद मिनिटं माणसाला विचार करायला मिळतात आणि चाहत्याचा सगळा नाश त्या विचारानेच होतो.

२४ एप्रिल २०२४ची रात्र. त्या आठवड्यात लाखनीत फुटबॉलचा विषय काढणं धाडसाचंच होतं. १९ तारखेला लोकसभेचं मतदान आटोपलं होतं, बोटांवरची शाई ताजी होती आणि निकाल ४ जूनला लागणार होता. मधल्या दीड महिन्यात गावाला दुसरा उद्योग नव्हता. प्रत्येक पानठेल्यावर रोज एक उमेदवार निवडून येत होता आणि संध्याकाळपर्यंत पडत होता. त्यातून वेळ उरलाच तर आयपीएल. त्या रात्री दिल्लीत दिल्ली विरुद्ध गुजरात सामना होता. ऋषभ पंत मोहित शर्माला मारत सुटला होता आणि माझा पुतण्या टीव्हीसमोर उभा राहून प्रत्येक षटकाराला स्वतःच दाद घेत होता.

त्याच वेळी गोव्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर, इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत एफसी गोवा आणि मुंबई सिटी समोरासमोर होते. टीव्ही पुतण्याकडे असल्यामुळे मुंबई सिटी माझ्या तळहातावर खेळत होती. खाट कूलरच्या तोंडाशी ओढून मी आडवा झालो होतो. एप्रिलमध्ये आमच्या भागात ही जागा आमदारकीच्या तिकिटाइतकी दुर्मिळ. एकदा मिळाली की उठायचं नाही. उठलात की परत येईपर्यंत तिथे काकाजी घोरत असतात. कूलरच्या आवाजात समालोचन काही ऐकू येत नाही. खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे राहिले की आपल्यावर गोल झाला, असं समजायचं.

सोळाव्या मिनिटाला मुंबईचे खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे राहिले. गोव्याच्या बोरिस सिंगने गोल केला होता. छप्पन्नाव्या मिनिटाला पुन्हा तेच. या वेळी ब्रँडन फर्नांडिस. २-०.

संघ २-०ने मागे पडल्यावर चाहत्याच्या मनात काय होतं, यावर फारसं कुणी लिहीत नाही, कारण सगळे जिंकल्यानंतरच लिहायला बसतात. पहिला गोल झाला की राग येतो. पंच आंधळा असतो, प्रशिक्षक मूर्ख असतो. पण दुसरा गोल झाला की एक विलक्षण शांतता पसरते. माणूस एकदम समजूतदार होतो. "पोट्टे थकले असतील," असं म्हणू लागतो. नऊच दिवसांपूर्वी, १५ एप्रिलला कोलकात्यात, नुसती बरोबरी साधली असती तर मुंबईला साखळीतली ढाल मिळत होती. तिथे मोहन बागानने २-१ हरवलं. त्या धक्क्यातून एवढ्या लवकर कोण सावरेल? गोव्याचं घरचं मैदान. उकाडा किती. अशी एकेक कारणं सुचत जातात आणि प्रत्येक कारणासरशी अंग सैल पडतं. भूक लागल्याचं लक्षात येतं. उद्या सकाळी उन्हाळी धानाला पाणी द्यायचंय, हे आठवतं. हरण्याची एकदा खात्री पटली की जीव केवढा मोकळा होतो! जिंकणाऱ्याला हे सुख नाही. त्याला शेवटपर्यंत धाकधूक.

गुरुजी कूलरच्या हवेला म्हणून आले होते, ते ऐंशीच्या सुमारास उठले. "दोन झाले ना गा. आता काय रायला त्याच्यात?" चप्पल पायात सरकवत ते गेले. काकाजींनी विचारलं, "आमचा कोन जिंकला?" मी म्हटलं, "गोवा जिंकून राहिला." ते म्हणाले, "बरं झाला," आणि कूस बदलली. मी तेवढा उरलो. त्याला कुणी निष्ठा म्हणेल, पण कूलरसमोरची जागा सोडवत नव्हती एवढंच त्यातलं तथ्य. जगभरच्या मैदानांवर शेवटपर्यंत बसून राहणाऱ्यांची नीट चौकशी केली तर निम्म्यांची निष्ठा अशीच निघेल. कुणाची गाडी पार्किंगमध्ये मागे अडकलेली असते, तर कुणाला घरी जायचंच नसतं.

नव्वदाव्या मिनिटाला मोबाइलच्या डोक्यावर डोंबिवलीच्या मावसभावाचा निरोप टपकला. "गोऽऽऽल!!!" माझ्या पडद्यावर मात्र मुंबईचा खेळाडू अजून थ्रो-इन घेत होता. आमच्याकडे चित्र येतं ते मजल दरमजल करत, डोंबिवलीत झालेला आनंद लाखनीला पोहोचायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं. आधी वाटलं, गोव्याचा तिसरा झाला आणि हा चिडवतोय. मग पडद्यावर छांगटेने गोल केला. २-१. ठीक आहे, अब्रू राहिली, असं म्हणतो न म्हणतो तोच दुसरा निरोप. "अरे बापरे!!!" आता हा बापरे कुणाचा? पुढची पाऊण मिनिटं मी ज्या अवस्थेत काढली तिला भूतकाळातला भविष्यकाळ म्हणता येईल. गोल होऊन गेला होता, फक्त मला तो व्हायचा होता. विक्रम प्रताप सिंगने तो केला. २-२. आणि शहाण्णवाव्या मिनिटाला मावसभावाने नुसती दहा-बारा उद्गारचिन्हं पाठवली. मागोमाग पुन्हा छांगटे. २-३.

नव्वद मिनिटं शून्य आणि पुढच्या सहा मिनिटांत तीन. मी ओरडलो. पुतण्याला वाटलं पंतसाठी ओरडलो, त्याने टाळी दिली. काकाजी दचकून उठले. "काय झाला? लाईट गेली का?" कूलर चालू दिसल्यावर त्यांना माझ्या ओरडण्याचं काही कारण उरलं नाही.

चित्र उशिरा येण्याचं हे दुःख नवं आहे, असं मात्र नाही. २९ जुलै १९११ रोजी कोलकात्यात आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानची, एक सोडून सगळी अनवाणी पोरं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटशी खेळत होती. गर्दी इतकी की मागच्यांना मैदान दिसेना. मग गोलांचे आकडे लिहून पतंग उडवले गेले आणि लोकांनी आकाशात बघून सामना पाहिला. तिथेही आधी गोल गोऱ्यांनी केला होता. शिबदास भादुरीने बरोबरी साधली, अभिलाष घोषने शेवटी विजयी गोल मारला. भारतीय फुटबॉलची पहिली मोठी दंतकथा म्हणजे पिछाडीवरून २-१. आणि तिचा पतंग माझ्या मोबाइलच्या आधी पोहोचला असता, याबद्दल मला शंका नाही.

सकाळी पहिली अडचण गुरुजींची. ते फाटकातूनच म्हणाले, "जिंकला म्हनते तुमचा मुंबई. अभिनंदन. आता फायनल!" मी सांगितलं की अजून नाही, ही पहिली फेरी होती, पाच दिवसांनी मुंबईत दुसरी आहे, दोन्हींचे गोल एकत्र मोजतात. गुरुजी थबकले. "म्हंजे जिंकूनही जिंकला नाई?" मी म्हटलं, एका गोलाने पुढे आहोत. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "समजला. हे आपल्या धानाच्या बोनससारखा हाय. जाहीर झाला, खात्यात नाई आला." भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला दोन फेऱ्यांची पद्धत याहून सोपी करून कुणीही सांगू शकणार नाही. बोनस २९ एप्रिलला खात्यात जमा झाला. मुंबईने तो सामना २-०ने जिंकला, एकूण ५-२.

दुसरी अडचण श्रेयाची. दुपारपर्यंत घरात या विजयाचे चार दावेदार तयार झाले. गुरुजींचं म्हणणं, ते उठून गेले म्हणून गोल झाले. त्यांचं बसणं गोव्याला लाभत होतं. पुतण्याचं म्हणणं, त्याने नेमकं तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवला. काकाजींनी कूस बदलली तेव्हा वारं फिरलं, हे काकाजींचं मत. घरच्या बाईसाहेब म्हणाल्या, "मी दह्याचं विरजण लावलं बरोबर त्या टायमाले." या सगळ्यात छांगटेचं नाव कुणीच घेत नव्हतं. तो बिचारा मिझोरमच्या लुंगलेईहून निघून देशभर पळतोय आणि गोल मात्र लाखनीच्या विरजणाने झाला.

एक गंमत त्याहून मोठी होती. जो तो म्हणायला लागला, "मले वाटूनच रायला होता." ज्यांना आदल्या रात्री सामना आहे हेसुद्धा माहीत नव्हतं, त्यांनाही वाटून राहिलं होतं.

उठून जाणाऱ्या गुरुजींची मात्र मला बाजू घ्यावीशी वाटते, कारण त्यांची संगत फार मोठी आहे. १९९९च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बायर्न म्युनिक सहाव्या मिनिटापासून १-०ने पुढे होतं. युएफाचे अध्यक्ष लेनार्ट योहान्सन करंडक द्यायला म्हणून शेवटी-शेवटी जागेवरून उठले आणि लिफ्टने खाली निघाले. लिफ्ट उतरेपर्यंत शेरिंगहॅम आणि सोल्शायर यांनी मँचेस्टर युनायटेडचे दोन गोल केले होते. बाहेर येऊन पाहतात तर जिंकलेले रडतायत आणि हरलेले नाचतायत! अध्यक्षांची अशी गत, तर चप्पल घालून निघालेल्या गुरुजींना बोल कसा लावणार? त्याआधी डिसेंबर १९५७ मध्ये लंडनच्या चार्ल्टन अ‍ॅथलेटिकचा एक खेळाडू जायबंदी झाला, बदली खेळाडूची पद्धत नव्हती आणि दहा जणांनिशी ते ५-१ने मागे पडले. तो सामना ते ७-६ जिंकले. एकट्या जॉनी समर्सचे पाच गोल. हरलेल्या हडर्सफील्डचे प्रशिक्षक होते बिल शँक्ली, पुढे लिव्हरपूलमध्ये अजरामर झालेले. सहा गोल करून हरल्यावर माणसाने अजरामर होण्याचं ठरवलं तर नवल नाही.

आमच्या मुंबईलाही हे अगदीच नवीन नव्हतं. मार्च २०२१च्या अंतिम सामन्यात, याच फातोर्डावर, कोरोनामुळे रिकाम्या पडलेल्या मैदानात एटीके मोहन बागानने पहिला गोल केला होता. मग त्यांच्याच तिरी नावाच्या स्पॅनिश बचावपटूने स्वतःच्या जाळ्यात चेंडू घालून मुंबईला बरोबरी करून दिली आणि नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने सामना काढला. पुढे मुंबईने त्या तिरीला चक्क आपल्या संघात घेतलं. आमच्याकडे निवडणुकीत अशी मदत करणाऱ्यांची सोय नंतर एखाद्या महामंडळावर होते. फुटबॉलमध्ये निदान पळावं लागतं.

२०२४चा अंतिम सामना ४ मेला कोलकात्यात, पुन्हा मोहन बागानशी. या सामन्यावर लाखनीचा हक्क मी अगदी कागदोपत्री सिद्ध करून दाखवतो. आमचं गाव ज्या रस्त्यावर आहे त्याचा सरकारी क्रमांक आता ५३, पण सगळे त्याला मुंबई-कोलकाता महामार्गच म्हणतात. मुंबईने कोलकात्याला जावं किंवा कोलकात्याने मुंबईला यावं, वाटेत आम्ही. अर्थात संघ विमानाने गेला. रस्त्याने गेला असता तरी उड्डाणपुलावरून सरळ साकोलीकडे निघून गेला असता, कारण पूल झाल्यापासून ट्रकवालेही आमच्याकडे चहाला उतरत नाहीत. सॉल्ट लेकवर साठ हजारांहून अधिक लोक जमले होते. मध्यंतराच्या तोंडावर जेसन कमिंग्सने बागानला पुढे नेलं. आमच्या खोलीत कुणीही जागचं हललं नाही. गुरुजींना मात्र हाताला धरून बाहेर पाठवलं. ते अंगणात उभे राहून खिडकीतून "झाला का? झाला का?" विचारत राहिले. डियाझने बरोबरी साधली, बिपिनने एक्याऐंशीव्या मिनिटाला आघाडी मिळवून दिली आणि याकुब वोयतुशने शेवटी तिसरा गोल करून ३-१ असा शिक्का मारला. करंडक मुंबईचा. गुरुजींना डास चावले, पण त्यांनी तक्रार केली नाही. जबाबदारीच्या पदावर असं चालायचंच.

इथपर्यंत सगळं गोड. बिल त्यानंतर आलं.

२४ एप्रिलच्या आधी माझं फुटबॉलचं आयुष्य सुरळीत होतं. संघ दोन गोलांनी मागे पडला की मोबाइल चार्जिंगला लावायचा आणि निवांत झोपायचं. हरणं हा एक नियमित, आरोग्यदायी व्यवहार होता. त्या सहा मिनिटांनी तो बंद पाडला. आता कुठलाही सामना हरलाच जात नाही. ऐंशी मिनिटं झाली, दोन गोल कमी आहेत, डोळे मिटतायत, पण मन म्हणतं, गोव्यात काय झालं होतं? सत्त्याण्णव मिनिटं तारवटून बसायचं आणि मग हरायचं. निकाल पूर्वीइतकेच लागतात, मधली झोप तेवढी गेली. एका रात्री चमत्कार झाला आणि पुढच्या कितीतरी रात्री तो न होताना जागून पाहाव्या लागल्या. संघाच्या नोंदवहीत त्या विजयाची एक ओळ आहे. माझ्या डोळ्यांखाली त्याची दोन वर्तुळं आहेत.

हा रोग घरभर पसरला. पुतण्या पोलीस भरतीची तयारी करतोय. पुस्तक उघडलेलं दिसत नाही म्हणून विचारलं, तर म्हणतो, "काका, छांगटेनं नव्वदाव्या मिनटाले सुरुवात केली होती." काकाजींचा बांधाचा वाद तहसीलमध्ये माझ्या लहानपणापासून पडून आहे. ते आताशा मिटवायलाच आले होते, समोरच्याशी चहाही झाला होता. आता म्हणतात, "रायू दे. अजून टाइम हाय." लग्नाला निघताना बाईसाहेब घड्याळ दाखवतात, तर सगळं घर एका सुरात जास्तीची मिनिटं मागतं. आशा चांगली असते, असं शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. तिला झोप लागत नाही, हे तिथे कुणी लिहीत नाही.

२९ मार्च २०२५ला मुंबई सिटी बाद फेरीत बंगळुरूला गेली, श्री कांतीरवा मैदानावर. त्या रात्री अहमदाबादेत मुंबई इंडियन्सही गुजरातकडून ३६ धावांनी हरत होती, त्यामुळे घरातले दोन्ही पडदे एकाच शहराचं दुःख दाखवत होते. बंगळुरूने एक केला, मग दुसरा, तिसरा. चौथा सुनील छेत्रीने मारला. पाचवा डियाझने. हो, आमच्याच डियाझने. तो त्या हंगामात बंगळुरूकडे गेला होता. ५-०. गोव्याच्या आधीच्या जमान्यात मी तिसऱ्यालाच घोरायला लागलो असतो. पण खोलीत सगळे ताठ बसून. पुतण्याने टीव्ही बंद करून माझ्या खाटेवर बैठक मारलेली. काकाजी जागे. गुरुजी आपल्या ठरल्या जागी, अंगणात.

"किती झाले?" खिडकीतून आवाज आला.

"पाच."

"आपले?"

"त्यांचे."

"टाइम किती रायला?"

"संपला, गुरुजी. शिट्टी झाली."

गुरुजी आत आले, कपाळावरचा डास मारला, कूलरसमोर खुर्ची ओढली आणि अजिबात न डगमगता म्हणाले, "हरकत नाई. दुसरी फेरी कधी हाय?"

ही एकाच सामन्याची फेरी होती. पण खोलीतल्या कुणीही त्यांना ते सांगितलं नाही. पुतण्याने तर सरळ सांगून टाकलं, "पाच दिवसांनी." आणि गुरुजी बोटांवर हिशेब करू लागले, मुंबईला सहा गोल मारायला किती मिनिटं लागतील. गोव्याच्या दराने बारा.